साकु म्हणजे पुरे

माझे सासरे चनबसप्पा यांनी आख्ख्या काडीने कधी दिवा लावला नाही. काडेपेटी घरात आली की ते खिडकीपाशी बसायचे, दाढीचं जुनं पातं घ्यायचे आणि एकेक काडी उभी चिरून तिच्या दोन करायचे. दहांतल्या तीन चिरताना मोडायच्या, दोनांचं गूल उडून जायचं, आणि उरलेल्या इतक्या बारीक व्हायच्या की पेटीवर ओढताना वाकायच्या. म्हणजे सगळा तोटाच. हे मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बोलून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुला चूल पेटवता येत नसेल तर तसं सांग, काडीला नावं ठेवू नकोस.

मी मोहोळची. १९७४ च्या मे महिन्यात लग्न होऊन सोलापुरात भवानी पेठेत आले. घर दोन खोल्यांचं, मागे न्हाणी. घरात मामंजी, सासूबाई सुंदरम्मा, मिलच्या ऑफिसात कारकून असलेले माझे यजमान सिद्धाराम आणि मी, एवढीच माणसं. मामंजींचं सुतळीचं आणि बारदानाचं दुकान होतं आणि ते चांगलं चालत होतं. तेव्हा गरिबीपायी हे सगळं होतं असं कुणी समजू नये. मामंजींना वाचवण्याची हौस होती. लोकांना भजनाची असते तशी.

दोन खोल्यांमधल्या भिंतीत त्यांनी वरच्या बाजूला एक भोक पाडून घेतलं होतं आणि त्या भोकात पंचवीसचा एक बल्ब टांगला होता. अर्धा उजेड स्वयंपाकघरात, अर्धा बाहेरच्या खोलीत. प्रत्यक्षात तो दोन्हीकडे पडायचा नाही, भोकातच राहायचा. भाकरी भाजली की करपली हे मी वासावरून ओळखायला शिकले. बाहेरच्या खोलीत मामंजी शेजाऱ्यांचा कालचा पेपर वाचत बसायचे, म्हणजे पेपर डोळ्यांपाशी धरून बसायचे. त्यांनी त्यातलं किती वाचलं ते त्यांनाच ठाऊक.

न्हाणीत साबण म्हणून एक गोळा होता. संपत आलेल्या वड्यांच्या चिपा एकमेकींवर दाबून दाबून तो तयार झाला होता, त्यामुळे त्यात लाल, हिरवा, पिवळा असे सगळे रंग होते आणि वास कुठलाच नव्हता. माझ्या लग्नाच्या आधीपासून तो होता, माझी थोरली मुलगी चालायला लागली तेव्हाही होता. फेस मात्र त्याला कधी आला नाही. फेस येणं म्हणजे साबण डोळ्यांदेखत वाया जाणं, असं मामंजींचं मत होतं.

आणि भिंतीवर कॅलेंडर १९६३ सालचं. त्या सालचे आणि १९७४ चे वार तारखेला तारीख जुळतात हे त्यांनी कुठूनसं शोधून काढलं होतं आणि अकरा वर्षं ते कॅलेंडर कपाटामागे जपून ठेवलं होतं. वार जुळले, पण तिथ्या काही जुळेनात. पंचमीला मी आणि सासूबाई नवी लुगडी नेसून, लाह्या-दूध घेऊन वारुळाला गेलो तर तिथे एक म्हैस सोडून कुणी नाही. पंचमी परवाच होऊन गेली होती. घरी येऊन मी फणफणले, तर मामंजी म्हणाले की नागाच्या घरी तरी कुठं कॅलेंडर असतं.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. माझ्या जिवावर उठला तो एक शब्द.

मामंजींचं मूळ गाव दुधनी. घरात कानडी, बाहेर मराठी. आम्हीही लिंगायतच, पण आमच्या मोहोळच्या घरातली कानडी आजोबांबरोबर गेली. माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, तिच्यातलं एक अक्षर येत नव्हतं आणि मलाही नाही. मी शिकले तो पहिला शब्द 'साकु'. साकु म्हणजे पुरे. मी तो कुणाला अर्थ विचारून शिकले नाही, रिकाम्या ताटावरून शिकले. वाढणारीचा हात पातेल्यातून ताटाकडे निघाला की मामंजी म्हणायचे, साकु. ताट त्यांचंच असायला पाहिजे असं काही नव्हतं. यजमानांना आमटी वाढली, साकु. सासूबाईंनी भातावर तूप घ्यायला चमचा उचलला, साकु. पुरुषांची पंगत उठल्यावर आम्ही दोघी आत जेवायला बसायचो तेव्हा मामंजी बाहेर पेपरामागे असायचे. पण बल्बसाठी पाडलेल्या त्या भोकातून उजेड आला नाही तरी आवाज चांगला जायचा. आत पळी वाजली की बाहेरून साकु. माझा हात जागच्या जागी थांबायचा. पुढे पुढे तर असं झालं की कानात शब्द शिरून मला कळायच्या आत हातच मागे यायचा.

पाहुणे आले की वेगळीच तऱ्हा. मामंजी मराठीतून मोठ्याने आग्रह करायचे, लाजू नका, पोटभर जेवा, घर तुमचंच समजा. आणि वाढणारी ताटाशी वाकली की हलकेच, ओठ न हलवता, साकु. मराठी देखाव्याला आणि कानडी हुकमाला. ज्यांना कानडी येत नव्हती ते पाहुणे अर्धपोटी उठायचे आणि माणूस किती अगत्याचा म्हणून बाहेर सांगायचे. ज्यांना येत होती ते परत येत नसत.

मी वीस वर्षांची होते. मला भूक लागायची. सांगायला लाज वाटते, पण दुपारी मी चटणीच्या शेंगा कुटताना चार दाणे तोंडात टाकायची आणि मामंजी दुकानातून आल्यावर डब्याकडे बघतील म्हणून कूट वरून हलवून फुगवून ठेवायची. यजमानांना सांगून उपयोग नव्हता. ते जन्मापासून त्याच घरात जेवलेले, पोट भरलं म्हणजे काय होतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. सासूबाईंना एकदा विचारलं, तुम्ही तीस वर्षं कशी काढली? त्या म्हणाल्या, "सवय व्हते बघ." मला ती सवय व्हायला नको होती. चार महिन्यांनी मी अप्पांना पोस्टकार्ड टाकलं. त्यावर एवढंच लिहिलं, अप्पा, मला न्यायला या, इथं पोट भरत नाही. लग्नातली ट्रंक भरून कोपऱ्यात ठेवली. गेले की परत यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

अप्पांचं नाव शंकरप्पा. ते मोहोळच्या बाजारात बी-बियाण्यांचं दुकान चालवायचे. लेकीच्या बाबतीत हळवे. लग्नाच्या वेळची एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. आमच्याकडे सासरची माणसं नव्या सुनेला नाव देतात, म्हणजे ती त्यांची झाली. मामंजींनी दिलं नाही. कारण लग्नातल्या सगळ्या भांड्यांवर शिवबाई हे माझं नाव आधीच घातलेलं होतं, नवं नाव दिलं तर भांड्यांवर पुन्हा नावं घालून घ्यावी लागली असती. मामंजी भर मांडवात म्हणाले, चांगलं नाव हाय की, बदलायचं कशाला? लोकांना वाटलं केवढे पुढारलेले विचार. अप्पांना मात्र वाटत राहिलं की लेकीला त्या घरानं अजून आपली म्हटलेलं नाही.

अप्पांचं उत्तर आलं, गुरुवारी येतो. मामंजींनी ते मोठ्याने वाचलं. घरात आलेलं कुठलंही कार्ड ते मोठ्यानेच वाचत, म्हणजे पुन्हा पुन्हा कुणी हाताळून ते मळायला नको. माझ्या कार्डाची त्यांना काही कल्पना नव्हती. व्याही पहिल्यांदाच येतोय म्हटल्यावर पुरणपोळी करणं भाग होतं. त्यांनी सासूबाईंना डाळ मोजून दिली. आठ पोळ्या. पाहुण्याला तीन, स्वतःला दोन, यजमान मिलमधून आल्यावर त्यांना एक आणि आम्हां दोघींना एकेक. अप्पा एका बैठकीला सात पोळ्या खातात हे मोहोळात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी मनात म्हटलं, होऊ दे. आज अप्पांना सगळं डोळ्यांनी दिसेल, आणि चारच्या एसटीने मी त्यांच्याबरोबर असेन.

गुरुवारी बाराच्या सुमाराला अप्पा आले. पाय धुतले, शरणार्थी, म्हणजे आमच्यातला नमस्कार, झाली, माझ्याकडे निरखून बघून घेतलं. मी मुद्दामच पदर असा घेतला की मनगटं दिसावीत, कारण ती बारीक झाली होती. दोघे व्याही पाटावर बसले. सासूबाई आत तव्यापाशी, वाढायला मी.

पहिली पोळी वाढली. मामंजी मोठ्याने म्हणाले, पाव्हणं, सावकाश होऊ द्या, घाई करू नका. मी दुसरी घेऊन वाकले, तर हलकेच, साकु. माझा हात थांबला. मग त्यांनाच काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी मान हलवून परवानगी दिली. तूप घेऊन आले, पळी वाटीतून निघायच्या आतच, साकु. कटाची आमटी आणली. साकु. भात आणला. साकु. मी प्रत्येक वेळी हात आखडता घेत होते आणि अप्पांच्या तोंडाकडे बघत होते. अप्पा जेवायचे थांबले. त्यांनी एकदा मामंजींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मला वाटलं, कळलं. सुटले एकदाची.

अप्पांनी उपरण्याने डोळे टिपले आणि म्हणाले, "व्याही, तुमी हिला साकू म्हणता व्हय?"

मामंजींचा घास हातातच राहिला. आत सासूबाईंच्या हातून उलथनं खाली पडलं. अप्पा आपल्याच भरात सांगत होते की नाव ठेवलं न्हाय म्हणून मी चार महिने मनात कुढत होतो, आणि इथं येऊन बघतो तर काय, सून नुसती जवळ आली तरी तुमच्या तोंडात तिचं नाव, आणि तेही किती हळू, किती मायेनं. आमच्या घरात हिला कुणी कधी इतक्या गोड आवाजात हाक मारली नाही, असंही ते म्हणाले, आणि ते खरं होतं. आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात.

आता मामंजी काय करतात ते मी बघत राहिले. साकु म्हणजे पुरे, असं सांगायचं तर व्याह्याला उपाशी उठवायची खटपट चालली होती हे आपल्याच तोंडाने कबूल करायचं. त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "व्हय. घरातलं नाव हाय."

अप्पांना इतका आनंद झाला की त्यांची भूक चौपट झाली. त्यांनी मला लगेच नव्या नावाने बोलवायला सुरुवात केली. साकू, पोळी आण. साकू, तूप आण. मी आणलं. मला त्या घरात पहिल्यांदाच कुणी 'पुरे' अशी हाक मारून वाढायला सांगत होतं. अप्पांची चौथी पोळी झाली तेव्हा मामंजींना राहवलं नाही, त्यांच्या तोंडून सवयीने जोरात निघालं, साकु, साकु. अप्पा म्हणाले, "अगं, मामंजी हाक मारत्यात, तिकडं बघ की." मी लगबगीने मामंजींच्या ताटात एक पोळी वाढली. त्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि पुन्हा म्हणाले, साकु. मी बोटांच्या फटीतून तूप सोडलं. तुपाचं भांडं रिकामं होईपर्यंत त्यांनी मला सात-आठ वेळा हाक मारली असेल. प्रत्येक वेळी मी गेले. मला हसू आवरत नव्हतं, आणि आतून सासूबाईंचा असा काही आवाज येत होता की अप्पांनी विचारलं, विहीणबाईंना ठसका लागला की काय?

मामंजींनी त्या दिवशी मराठीत 'पुरे' म्हटलं असतं तर सगळं तिथंच थांबलं असतं. पण तो शब्द त्यांनी मराठीत कधी उच्चारलाच नव्हता. चारचौघांसमोर म्हणायची त्यांना लाज वाटली.

आठही पोळ्या संपल्या. मी आत गेले तर सासूबाई कढईखालून एक वाटी काढत होत्या. मामंजींनी मोजून दिलेल्या डाळीत त्यांनी आपल्या मनाची दोन मुठी डाळ घातली होती आणि ते पुरण बाजूला झाकून ठेवलं होतं. त्यात आणखी पाच पोळ्या झाल्या. त्यांतल्या दोन अप्पांनी खाल्ल्या, एक यजमानांसाठी झाकून ठेवली.

हात धुवायला अप्पा मागे न्हाणीपाशी आले. पाणी मी घालत होते. त्यांनी खिशातून माझं पोस्टकार्ड काढलं आणि हळूच विचारलं, मग हे काय लिहिलंस गं? मी तुला न्यायचं म्हणून भाडं घेऊन आलो होतो.

एका वाक्याचं काम होतं. साकू हे माझं नाव नव्हे, एवढं सांगितलं असतं की अप्पांनी ट्रंक उचलली असती. मला जायचं होतं. चार महिने मी याच घटकेची वाट बघितली होती. पण अप्पांचं तोंड इतकं समाधानाने फुललं होतं की माझ्याच्याने ते वाक्य बोलवेना. आणि दाराच्या फटीतून मला सासूबाई दिसत होत्या. चुलीपाशी बसून, पदराने डोळे पुसत, त्या अजून हसत होत्या. चार महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांना तिथं एकटं टाकून जावं असं काही मला वाटेना. मी म्हटलं, त्या दिवशी लई भूक लागली होती अप्पा, म्हणून लिहिलं.

अप्पा मोठ्याने हसले. इतके भोळे, की बाहेर जाऊन त्यांनी ते कार्ड मामंजींच्याच हातात दिलं. हे बघा व्याही, तुमच्या साकूनं काय लिहिलंय, पोरकट हाय अजून.

मामंजींनी कार्ड डोळ्यांपाशी धरलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. या वेळी मोठ्याने वाचलं नाही. मग कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "अर्ध्याच्या वर कोरं सोडलंय की."

अप्पांना हा विनोद वाटला. ते हसतच चारच्या एसटीला निघाले, एकटेच. पुढच्या आठवड्यात मोहोळातून पहिलं कार्ड आलं, त्यावर चि. सौ. साकू असं लिहिलेलं होतं, आणि मग माहेरी माझं तेच नाव पडलं. पण ते नंतरचं. त्या दिवशी अप्पा गेले. मामंजी बाहेर बसले. पेपर हातात होता, पण डोळ्यांपाशी नव्हता. मी आणि सासूबाई तिसऱ्या प्रहरी जेवायला बसलो. टोपलीत दोन पोळ्या होत्या, एक मी सासूबाईंना वाढली. त्यांनी ती अर्धी मोडून माझ्या ताटात टाकली, मग मी माझ्यातली अर्धी त्यांच्या ताटात टाकली, आणि असं बरंच चाललं. शेवटी टोपलीतली उरलेली पोळी घ्यायला मी हात पुढे केला, तेवढ्यात भोकातून नव्हे, अगदी दारातूनच आवाज आला.

"साकू."

मामंजी कधी स्वयंपाकघराच्या दारात यायचे नाहीत. माझा हात मागे आला. सासूबाईंनी मान खाली घातली. मला वाटलं, आता कार्डाचं निघणार. किंवा दोन मुठी डाळीचं.

मामंजी माझ्या त्या मागे घेतलेल्या हाताकडे बघत राहिले. तो हात असा का मागे जातो हे त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण आजवर मध्ये भिंत असायची. त्यांच्या तोंडावर जे काही आलं ते मला बघवेना.

"हात कशाला मागं घेतलास?" ते म्हणाले. "तुला हाक मारली मी."

कशासाठी हाक मारली, ते मात्र त्यांना सांगता येईना. मग त्यांनी टोपलीकडे बोट केलं आणि म्हणाले की ती पोळी ठेवू नका, उद्यापर्यंत विटंल, उगाच नासाडी. एवढं बोलून ते बाहेर गेले.

मी पोळी घेतली. तूप मात्र मागितलं नाही. एका दिवसात माणसाकडून किती मागायचं, त्यालाही काही सुमार असतो.